भाच्याचे मासे

द्राउनिका,
२ जून १९९१

ईसोआ,

आशीर्वाद आहेत, पण हात आखडता घेऊन देते आहे. सख्खा मामा गेला आणि तू आला नाहीस. वारानीच्या बोटीतून तुझ्या नावाची चटई आली, रॉकेलचा डबा आला, फक्त तू आला नाहीस. मी गावात सांगितलं, सुवाच्या प्रयोगशाळेत पोराला रजा मिळत नाही. लोकांनी माना डोलावल्या. खरं कारण तुझं तुला ठाऊक.

आता कामाचं. तुझा मामा, गावचा रातू, गेल्यावर रीतीप्रमाणे त्याच्या मानाचा ताम्बू लागला आहे. म्हाताऱ्या कातळापासून प्रवाळातल्या खिंडीपर्यंतचं सगळं पाणी बंद. सामिसोनीने बापासाठी खांब रोवला, त्याला झावळ्या बांधल्या. शंभरावी रात्र होईपर्यंत तिथे गळ टाकायचा नाही, जाळं ओढायचं नाही, शिंपलासुद्धा उचलायचा नाही. आणि मानायला हवं, सगळ्यांनी पाळलंय. उथळ पाण्यात पोपटमासे पुन्हा प्रवाळ कुरतडायला आलेत, त्यांचा कुरुकुरु आवाज होडीत बसून ऐकू येतो. बायका काठावर उभ्या राहून ऑक्टोपसांच्या बिळांकडे बघतात आणि लाळ गाळतात.

गोची पुढे आहे. शंभरावी रात्र येते नेमकी जुलैच्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी ताम्बू उठणार, गावजेवण होणार, सामिसोनी रातू होणार, आणि जेवणासाठी जाळी पडणार खिंडीत. कारण त्या चंद्राला खिंडीत कवाकवा जमतात. एरवी हा मासा आपल्या बिळाचा दादा, शेजाऱ्याला जवळ फिरकू देत नाही. त्या आठवड्यात मात्र शेकड्यांनी एकमेकांना खेटून उभे असतात. बैठकीत सामिसोनी म्हणाला, "आबांनीच पाठवलेत. त्यांच्या मानाला मासे येतायत." सगळे म्हणाले, खरंय, खरंय.

अरे मेल्यांनो, ते दर वर्षी येतात! तुझा मामा त्या आठवड्यात रोज होडी घेऊन खिंडीच्या तोंडाशी बसायचा, आठवतं का? हातात गळ नाही, भाला नाही, नुसता बसायचा. रातू बसलाय तिथे जाळं टाकायची कुणाची छाती होती? लोकांना वाटायचं, म्हातारा ऊन खातोय. त्याने कारण कधी कुणाला सांगितलं नाही, आणि आता सांगायला तो नाही.

मी दाराजवळच्या माझ्या जागेवरून म्हणाले, एक चंद्र थांबा. तर सामिसोनी म्हणतो कसा, "आत्या, तू शोकात आहेस. घरी जा, चहा घे."

चहा घेतला. पण नाम्बालेची खिंड कशी रिकामी झाली ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. तुझ्या आईच्या लग्नाच्या जेवणाला त्यांनी त्या चंद्राला तिथे पहिल्यांदा जाळं टाकलं. होड्या बुडतील एवढे मासे निघाले, सगळे नाचले. मग दर वर्षी टाकायला लागले, आणि तू चालायला लागेपर्यंत खिंडीत नुसतं पाणी उरलं. तुझ्या बापाचं गाव ते. तू तिथे लहानाचा मोठा झालास, एक तरी कवाकवा पाहिलास का?

प्रयोगशाळेच्या शिक्क्याचा कागद पाठव. शिक्क्याला हे लोक घाबरतात.

तुझी मावशी,
उनाइसी


सुवा,
१३ जून १९९१

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचताना कान लाल झाले. रजेचं म्हणशील तर रजा होती. का आलो नाही ते कधीतरी समोर बसून सांगेन.

कवाकवाचं तू म्हणतेस ते खरं आहे. फक्त एक दुरुस्ती. तुला वाटतं, ते खिंडीतल्याच खोल पाण्यातून वर येतात. तसं नाही. आम्ही काही माशांच्या पाठीला खुणेच्या पट्ट्या लावून सोडले होते. तुमच्या खिंडीत सोडलेला एक मासा पुढे तीन बेटं पलीकडे गळाला लागला. म्हणजे आख्ख्या किनाऱ्यावरचे कवाकवा अंडी घालायला तुमच्या दारात येतात. तुम्ही एक जाळं ओढलंत की दहा गावांचे मासे ओढलेत.

माझं काम म्हणजे त्यांच्या डोक्यातला कानाचा खडा काढून कापायचा. खोडात असतात तशी वर्तुळं असतात त्यात. हातभर लांबीचा मासा पुष्कळदा माझ्याच वयाचा निघतो. अंडी प्रवाहाबरोबर बाहेर जातात, पिल्लं काही आठवडे समुद्रात भटकतात, आणि वाचतील तेवढी परत किनाऱ्याला येऊन गवताळ पाण्यात नाही तर प्रवाळाच्या फटीत वाढतात. मोठे कवाकवा गेले की ज्या छोट्या माशांना ते खातात ते माततात. त्यातले काही प्रवाळावर शेवाळाची शेती करतात, त्याखाली प्रवाळ गुदमरतो. नाम्बालेला आता तेच आहे. मी ज्या हिरव्या बुळबुळीत दगडांवर घसरायला शिकलो, ते एके काळी जिवंत होते.

आणखी एक गंमत. या जातीचे कितीतरी मासे आधी माद्या असतात. मोठा नर मेला की त्यांतली एखादी दांडगी मादी हळूहळू नर होते आणि त्याची जागा घेते. जाळ्यात मोठेच जास्त सापडतात, म्हणून आधी नर संपतात.

पण मावशी, एक सांगू का? भांडू नकोस. रीत रीतीच्या जागी असते. मामा गेला, थोरली बहीण म्हणून तुला कुणी विचारलं नाही, सामिसोनीला पुढे केलं, याचा राग तुला असणारच. तो माशांवर काढू नकोस. पुढच्या वर्षी बघता येईल.

तुझा,
ईसोआ


द्राउनिका,
२१ जून १९९१

ईसोआ,

राग आहे म्हणे! शहाण्या, मला रातूपण हवं असतं तर तुझा मामा अंथरुणाला खिळला तेव्हाच त्याच्या उशाशी बसून पदरात पाडून घेतलं असतं. सामिसोनीची आई बाळंतपणात गेली. मी त्याला पाठीशी बांधून प्रवाळावर कालवं काढत हिंडले आहे. त्याने रातू व्हावं ही माझीच इच्छा. पण रिकाम्या खिंडीचा रातू होऊन करणार काय, पाणी मोजणार?

माद्यांचं मी तीन वेळा वाचलं, मग शेजारच्या तोरिकाला वाचून दाखवलं. दोघी एवढ्या हसलो की तिची कोंबडी पाटीतून उडाली. मोठा नर मेल्यावर दांडगी मादी पुढे होते, हे देवाने कवाकवाला शिकवलं आणि द्राउनिकाला शिकवायचं विसरला.

आणि "पुढच्या वर्षी बघता येईल" हे तू कसं लिहिलंस? तूच लिहितोस, एकेक मासा तुझ्या वयाचा आहे. या चंद्राला शहरातून बर्फाची बोट येणार आहे. जेवून उरेल ते सगळं बर्फात घालून नेणार. सामिसोनीने शब्द दिलाय. म्हणजे उरणार काहीच नाही. पुढच्या वर्षी काय बघायचं, तळ?

कागद पाठव. शिक्का मोठा असू दे.

उनाइसी


सुवा,
१ जुलै १९९१

प्रिय मावशी,

कागद सोबत आहे. साहेबांनी सही करायला चार दिवस लावले. म्हणाले, ताम्बू हा गावाचा विषय, आपण फक्त सल्ला देऊ शकतो. म्हणून "विनंती" असा शब्द घातला आहे. शिक्का होता तेवढा मोठा मारला.

सामिसोनीला वाईट वाटेल असं काही बोलू नकोस.

ईसोआ


द्राउनिका,
८ जुलै १९९१

ईसोआ,

कागद पोचला. सामिसोनीने बैठकीत मोठ्याने वाचला. "विनंती" या शब्दावर दोनदा थांबला. मग म्हणाला, "ईसोआला सांगा, तो माशांची डोकी कापतो, आम्ही नुसती चोखतो. आमचं पाप कमी." सगळे हसले. खोटं कशाला बोलू, मलाही हसू आलं. नंतर कागदाच्या पट्ट्या फाडून त्यात तंबाखू वळली. शिक्क्याचा तुकडा तेवढा पाद्रीबाबांनी जपून ठेवला, त्यांना जांभळा रंग आवडतो.

तेव्हा मी बोलणं सोडलं. रोज सकाळी तुझ्या मामाची होडी घेते आणि खिंडीच्या तोंडाशी जाऊन बसते, तो बसायचा तिथेच. मासे यायला लागलेत. पहिल्या दिवशी पाच-सहा होते, आता खालचे दगड ठिपक्याठिपक्यांचे झालेत. नर जागा धरून बसतात, एकमेकांना तोंडाने ढकलतात, अंगाचे रंग बदलतात. तुझ्या मामाने हे सगळं एकट्याने बघितलं आणि कधी चकार शब्द काढला नाही, या गोष्टीचा मला आता राग येतो.

बाकी मी मजेत आहे. वारा छान लागतो. काळजी करू नकोस.

उनाइसी


सुवा,
१४ जुलै १९९१

प्रिय मावशी,

मजेत आहेस म्हणे. वारानी काल प्रयोगशाळेच्या दारात भेटला, त्याने सगळं सांगितलं. चर्चमध्ये तुझ्या बाकावर आता कुणी बसत नाही. बैठकीत यांगोना प्यायची करवंटी फिरते तेव्हा तुझ्यावरून उडी मारून पुढे जाते. तोरिकासुद्धा आता कुंपणावरून बोलते, आत येत नाही. आणि तू दिवसभर उन्हात होडीत बसून उकडलेल्या अळूच्या कंदाचा एक तुकडा खाऊन राहतेस, अंगात ताप असताना.

तू हे माझ्यापासून लपवलंस, आणि मी इथे टेबलाशी बसून कवाकवाच्या कानातले खडे घासत होतो.

बस झालं. वारानीच्या पुढच्या फेरीला बोटीत बस आणि इकडे ये. माझ्याकडे खोली आहे, डॉक्टर आहे. मासे वाचले नाहीत तर नाही वाचले. मला तू हवी आहेस.

ईसोआ


द्राउनिका,
१७ जुलै १९९१

माझ्या पोरा,

ताप उतरला. वारानीच्या तोंडाला कुलूप घालायला हवं.

माय मरो पण मावशी उरो, असं तुझी आईच जाताना म्हणाली होती, हसत. मी उरले आहे आणि इथेच उरणार. सुवाच्या खोलीत बसून मी काय करू, खिडकीतून गाड्या मोजू? मला हुसकायचं असेल तर होडीसकट हुसकावं लागेल. तेवढं धाडस अजून कुणाला झालेलं नाही. तरणी पोरं भाले घेऊन येतात, मला बघतात आणि "आज लाटा जास्त आहेत" म्हणून परत जातात. लाट नावाला नसते.

पण पंचविसाला सामिसोनी स्वतः येणार. ताम्बू रीतीने उठलेला असेल, त्याच्यामागे आख्खा गाव असेल. एक म्हातारी जाळ्यापुढे किती टिकणार?

काल खाली बघता बघता मला सुचलं. आपण चुकीचा शिक्का मागत बसलो. गाव कागदाला हसेल, मला चहा प्यायला सांगेल, पण एका माणसाला नाही म्हणायची या गावाची टाप नाही. बहिणीच्या मुलाला. वासूला. तू द्राउनिकाच्या मुलीचा मुलगा आहेस, रातूचा सख्खा भाचा. तू मामाच्या गावात येऊन जे मागशील ते तुझं. डुक्कर माग, होडी माग, घराचं छप्पर माग, हसत द्यावं लागतं. नाही म्हटलं तर गावाचं नाक कापलं जातं.

म्हणून ये, आणि खिंडीतले कवाकवा माग.

मागताना पुढे ठेवायचा देवमाशाचा दात मी तोरिकाच्या हातून वारानीकडे दिला आहे, तुझ्या आजोबांचा. आत येत नसली तरी तेवढं तिने केलं.

उनाइसी


सुवा,
२० जुलै १९९१

प्रिय मावशी,

दात मिळाला. परत पाठवतो आहे असं समज.

मी मामाच्या मातीला का आलो नाही ते ऐक. वासू म्हणजे पाहुण्याच्या वेशातला दरोडेखोर, असं मला वाटतं. मी सात वर्षांचा होतो, आईने मला पुढे ढकललं, "माग काहीतरी." मला काय कळतंय? मी सामिसोनीचं पाळलेलं डुकराचं पिल्लू मागितलं. त्याने ते स्वतः उचलून माझ्या हातात दिलं, रीतीप्रमाणे हसत. मग घरामागे जाऊन ओकेपर्यंत रडला. मी ऐकलं ते. तेव्हापासून द्राउनिकाच्या वेशीवर पाय ठेवला की लोक माझ्याकडे बघतात आणि आपापल्या कोंबड्या आत घेतात. पुन्हा त्याच माणसासमोर हात पसरायचा, तोही बापाच्या शंभराव्याला? जमणार नाही.

मी शिकलो, माशांचं काम करतो, ते पटवून द्यायला. मागायला नाही.

ईसोआ


वारानीच्या बोटीवरून,
२५ जुलै १९९१, संध्याकाळ

मावशी,

हे पत्र वारानी परतीच्या फेरीला तुला देईल. अक्षर हलतंय ते बोटीमुळे.

"जमणार नाही" लिहून पत्र टाकलं आणि कामाला लागलो. टेबलावर कवाकवा होता, मादी, पोट अंड्यांनी फुगलेलं. कुठल्याशा बाजारातून आलेली. मी हजारभर कवाकवा कापले असतील, पण पोहताना एकही पाहिलेला नाही, हे मला तेव्हा एकदम उमगलं. तू पहिल्याच पत्रात विचारलं होतंस. मी सुरी ठेवली आणि बाजारात गेलो, डुक्कर घ्यायला.

आज दुपारी भरतीला, म्हाताऱ्या कातळाच्या बाजूने, तुमच्या धक्क्याला लागलो. तुझ्याकडे आधी आलो नाही, कारण तू समोर असतीस तर मला धीर आला असता, आणि मग लोक म्हणाले असते, मावशीने पढवून पाठवलाय. सरळ बैठकीच्या घरात गेलो. दाराजवळ, तुझ्या जागेवर बसलो. जाळी घराबाहेर रचून ठेवलेली होती.

सामिसोनीने मला पाहिलं आणि मोठ्याने म्हणाला, "आला रे आला! डुक्करचोर आला. बायका-पोरं आत घ्या. या वेळी काय हवंय भाऊ, माझी बायको की तिची आई?"

मी म्हटलं, "तुझी सासू पाहिलीय मी. ती तुलाच लखलाभ."

घर हसलं. मग मी दात पुढे ठेवला. मी म्हटलं, "मी किनिसिमेरेचा, या गावच्या लेकीचा मुलगा. हा माझ्या मामाचा गाव. मला खिंडीतले कवाकवा हवेत."

"किती?"

"सगळे. पोटातल्या अंड्यांसकट."

रातूच्या वतीने बोलणारे ते म्हातारे, आकुइला, त्यांनी सामिसोनीकडे पाहिलंसुद्धा नाही. हात पुढे केला, दात उचलला, हुंगला आणि म्हणाले, "भाच्याने मागितलं. गावाने दिलं." टाळ्या वाजल्या, देणं पक्कं करणाऱ्या त्या तीन जड टाळ्या.

सामिसोनीचा चेहरा तू बघायला हवा होतास, किंवा नकोच. तो म्हणाला, "घे तर मग. दिले. ने. ओहोटी लागायच्या आत ने. राहतील ते आमचे."

मावशी, मी आयुष्यात असा बोललो नव्हतो. मी म्हटलं, "मी तुझं डुक्कर नेलं तेव्हा ते कुठे ठेवलं, तू विचारायला आला होतास? माझी चीज मी कुठे ठेवायची ते मी ठरवणार. मी माझे मासे खिंडीत ठेवतोय. तिथे त्यांची बरदास्त नीट होते. यातला एक जरी कुणी उचलला तर द्राउनिकाने भाच्याला दिलेलं परत चोरलं, असं मी सुवापासून नाम्बालेपर्यंत सांगत सुटेन."

"आणि जेवणाला आलेल्यांना काय वाढू? तुझी भाषणं?"

मी वारानीला खूण केली. त्याने डुक्कर आत ढकललं. ते सरळ सामिसोनीच्या चटईवर जाऊन उभं राहिलं. मी म्हटलं, "हे घे. तेव्हाचं पिल्लू. एवढ्या वर्षांत वाढलं थोडं."

पहिले आकुइला हसले, मग सगळं घर. भिंतीला टेकून लोक हसत होते. ठरलं असं, की बाकीचं पाणी उघडायचं. बायकांनी ऑक्टोपस काढावेत, पोरांनी उथळातली बोय धरावी, डुक्कर भट्टीत जावं. खिंड तेवढी भाच्याची. एकटा सामिसोनी हसला नाही. तो उठून मागच्या दाराने निघून गेला. त्याच्या हातात भाला होता. तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही.

थांबता आलं नाही. ओहोटी चुकवली असती तर वारानीची बोट दगडांवर बसली असती. खिंडीतून बाहेर पडताना तू दिसलीस. मी हात हलवला. तू वल्हं उगारलंस. मला लगेच कळलं, इंजिन बंद कर म्हणतेस, मासे बिचकतील. वारानीने इंजिन बंद केलं आणि ओहोटीने आम्हाला तुझ्या शेजारून अलगद बाहेर नेलं. मी कठड्यावरून खाली पाहिलं.

मावशी, ते तिथे होते. किती होते गं! मी रडलो, वारानी साक्षीला आहे.

तुझा,
ईसोआ


द्राउनिका,
३० जुलै १९९१

माझ्या पोरा,

इंजिनाचं वगैरे काही नव्हतं. वल्हं मी तुझ्या टाळक्यासाठी उगारलं होतं. गावातून हसण्याचा गलका ऐकू आला होता, आणि पाठोपाठ तू बोटीत बसून निघालेला. मला वाटलं, पुन्हा तुझी टर उडवली आणि तू शेपूट घालून पळतोयस. बोट थोडी जवळून गेली असती तर एक फटका नक्की बसला असता. मग तू इंजिन बंद केलंस, आणि मी म्हटलं, पळपुट्याला एवढी तरी अक्कल आहे.

तेव्हा मी एकटीच होते, आणि माझ्या मते आपण हरलो होतो. बाहेर बर्फाची बोट नांगरून उभी होती. मी ठरवलं, आता जाळं आलं की होडी आडवी घालायची, आणि फाटलं तर जाळं फाटेल नाही तर मी.

जाळं आलं नाही. सूर्य टेकला तेव्हा सामिसोनी आला, एकटा, लहान होडीतून, भाला मांडीवर. मी होडी आडवी घातली. म्हटलं, "पाठीवर वाढवलंय तुला. आधी मला मार."

तो म्हणाला, "आत्या, बाजूला हो. मारायला नाही आलो. आणि मारू तरी काय? सगळे ईसोआचे आहेत म्हणे. त्या डुक्करचोराने आख्खी खिंड उचलली." मग त्याने मला सगळं सांगितलं. सांगताना रागावला होता, आणि डुकराशी आला तेव्हा त्याचा आवाज फुटला. मला कळेना, हसतोय की काय होतंय त्याला. म्हणाला, "तेच लाल डाग आहेत गं त्याच्या कानावर. हुडकून आणलंन."

तू कानावरचे लाल डाग बघून डुक्कर घेतलंस, आणि मला ते लिहिलंसुद्धा नाहीस. तुम्ही आम्ही सगळे एका माळेचे मणी, तुझा मामाही त्यातलाच.

मी त्याला म्हटलं, आता गप्प बस आणि खाली बघ. आम्ही दोघं होड्या एकमेकींना धरून बसलो. ओहोटीचा जोर वाढला, आणि खालून एक मादी उठली, तिच्यामागे नर, मग आणखी, सगळे एकदम वर. पाण्यात नारळाचं दूध ओतल्यासारखं झालं आणि ते पांढरं पाणी प्रवाहाबरोबर बाहेर समुद्रात गेलं. खालून शार्क फिरत होते, त्यांनीही आपला वाटा घेतला. सामिसोनीने हात पाण्यात घातला आणि बाहेर काढून नुसता बघत राहिला.

मग म्हणाला, "म्हणजे आबा ऊन खात नव्हते."

मी म्हटलं, "नाही."

"मग मला सांगितलं का नाही?"

मी म्हटलं, तू तुझ्या पोरांना सांग.

बर्फाची बोट दुसऱ्या सकाळी रिकामी गेली. जेवण झकास झालं. ऑक्टोपस नारळाच्या दुधात, बोय, आणि तुझं डुक्कर. सामिसोनीने डुकराचा घासही घेतला नाही, पण इतरांना आग्रहाने वाढलं. यांगोनाची करवंटी माझ्यापर्यंत आली आणि थांबली. माझ्या बाकावर रविवारी तोरिका येऊन बसली, वर म्हणते, सरक जरा, किती जागा अडवतेस.

काल जुना खांब उपटला. नवा खांब खिंडीच्या तोंडाशी रोवायचा ठरलं, दर वर्षी या चंद्रासाठी, कुणी मेलं असो नसो. मी खांब उचलला. पाद्रीबाबा म्हणाले, "उनाइसी, खांब बाई रोवत नाही."

मी म्हटलं, "खिंडीत जा बाबा, आणि कवाकवाला विचारा."

सामिसोनीने खांब धरला, मी ठोकला. झावळ्याही मीच बांधल्या.

आता तुझं. मासे तुझे आहेत, आख्ख्या गावासमोर मागून घेतलेस. लोक मला रोज विचारतात, मालक कधी येणार? मी सांगते, त्याला रजा मिळत नाही. पण मी म्हातारी झाले, ईसोआ, आणि परक्याच्या मालाची राखण फुकट किती करणार? पुढच्या जुलैत ये. होडीत दोघांची जागा आहे. या वेळी मी वल्हं उगारणार नाही.

तुझी मावशी,
उनाइसी